मारण्याजोगा चेंडू

सुयश बेहेरेने टाकलेला चेंडू बॅटरला नीट मारता आला नाही, तर ती चूक सुयशची धरली जाते. कावासाकी हेरॉन्स या व्यावसायिक बेसबॉल संघात तो सहा वर्षं हेच काम करतो आहे. सामन्याआधीच्या सरावात पंधरा मीटरवरून, एल आकाराच्या जाळीआडून, वीस मिनिटांत शंभर ते एकशेदहा चेंडू. वेग ताशी एकशेपाच किलोमीटर, कमी नाही, जास्तही नाही. चेंडू सरळ, गुडघ्याच्या वर, छातीच्या खाली, आणि प्रत्येक वेळी तसाच. जपानात प्रत्येक संघ अशी सात-आठ माणसं पगारावर ठेवतो. त्यांना बॅटिंग पिचर म्हणतात. बहुतेक सगळे पूर्वी खरे पिचर, म्हणजे सामन्यात चेंडू टाकणारे होते.

सुयशही होता. तो पाच वर्षांचा असताना बेहेरे कुटुंब मुंबईहून उरायासुला आलं. वडील चंद्रहास यांची बँकेच्या टोकियो शाखेत चार वर्षांसाठी बदली झाली होती. ती मुदत दोनदा बँकेने वाढवली. तिसऱ्यांदा चंद्रहास यांनी स्वतः अर्ज करून वाढवून घेतली, कारण मुलाला चिबातल्या एका हायस्कूलने बेसबॉलसाठी प्रवेश दिला होता. जपानी शाळेत शिकलेला मुलगा परदेशी खेळाडूंच्या कोट्यात मोजला जात नाही. त्यामुळे अठराव्या वर्षी हेरॉन्सने त्याला निवडलं, पण शिकाऊ म्हणून. शिकाऊ खेळाडूच्या पाठीवर तीन आकडी नंबर असतो आणि तो दोन आकडी होईपर्यंत मुख्य संघात खेळता येत नाही. सुयशचा नंबर १२७ होता. तिसऱ्या वर्षी तो ६४ झाला.

त्याच्याकडे एकच असा चेंडू होता, ज्यासाठी त्याला घेतलं होतं. त्याला शूटो म्हणतात. उजव्या हाताच्या बॅटरकडे सरळ येता येता शेवटच्या क्षणी तो त्याच्या अंगात शिरतो. क्रिकेट पाहणाऱ्याला इनस्विंग आठवेल, फक्त टप्पा नाही. तो बॅटच्या मुठीजवळ लागतो आणि बॅट मोडते. दुय्यम संघाच्या एका मोसमात सुयशने एकोणीस बॅटी मोडल्या होत्या. मुख्य संघात तो अकरा सामने खेळला; एकात संघ त्याच्यामुळे हरला, त्याच्यामुळे जिंकला असा एकही नाही. तेविसाव्या वर्षी कोपराची शस्त्रक्रिया झाली. पंचविसाव्या वर्षी, ऑक्टोबरमध्ये, संध्याकाळी ऑफिसमधून फोन आला: उद्या सकाळी दहाला सूट घालून या. या धंद्यात या वाक्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. सुयशने त्याच रात्री शर्टाला इस्त्री केली.

दुसऱ्या दिवशी त्याला मुक्त केल्याचं सांगण्यात आलं आणि त्याच टेबलावर बॅटिंग पिचरचं काम देऊ करण्यात आलं. एका वर्षाचा करार, दर वर्षी नवा. त्याने जागेवरच हो म्हटलं.

पहिलं वर्ष वाईट गेलं. चेंडू सरळ टाकायचा म्हटला तरी शेवटी आत वळायचा. बॅटर काही बोलायचे नाहीत. पुढच्या दिवशी सरावाच्या पत्रकावर त्यांच्या नावासमोर दुसऱ्या पिचरचं नाव असायचं. सुयशने बोटांची पकड बदलली, मनगट बदललं, जाळीच्या भिंतीवर महिनेच्या महिने एकटा टाकत राहिला. जो चेंडू घडवायला आठ वर्षं गेली, तो मोडायला दीड वर्ष लागलं.

मग कुरोइवा आला. संघाचा चौथ्या क्रमांकाचा बॅटर, सर्वांत भरवशाचा. चार वर्षांपूर्वी त्याने सुयशला आपल्यासाठी मागून घेतलं. तो सुयशहून दोन वर्षांनी लहान, म्हणून संघातलं स्थान कितीतरी वर असूनही सुयशशी आदराने बोलायचा. कारण विचारल्यावर तो इतकंच म्हणाला होता, "बेहेरे-सानचा चेंडू आला की मला चेंडूकडे बघावं लागत नाही. माझ्या हातांकडे लक्ष देता येतं." कुरोइवा बॅटरच्या चौकटीच्या आतल्या रेषेला बुटांची टोकं टेकवून उभा राहायचा. इतकं जवळ उभं राहणं म्हणजे चेंडू अंगात येणार नाही याची खात्री असणं.

यंदा एप्रिलमध्ये कुरोइवाच्या डाव्या तळव्यातलं एक लहान हाड मोडलं. शस्त्रक्रिया, आठ आठवडे विश्रांती. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो परतला तेव्हा त्याने कोचला एकच अट घातली: सरावाच्या पिंजऱ्यात चेंडू बेहेरेच टाकतील.

सुयशचं काम काय आहे हे चंद्रहास यांना माहीत होतं. प्रश्न तो नव्हता.

बँकेतून निवृत्त झाल्यावर ते आणि ज्योत्स्नाबाई उरायासुतच राहिले. तिथल्या मराठी घरांत बेहेऱ्यांचा मुलगा प्रोफेशनल बेसबॉलमध्ये आहे हे सर्वांना ठाऊक होतं. कोणी विचारलं, सध्या काय करतो, तर चंद्रहास म्हणत, "टीमबरोबरच असतो. पिचिंगचं बघतो." यात खोटं काही नव्हतं. पत्राचा मसुदा कसा करावा हे त्यांना तेहतीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं.

शेजारच्या इमारतीतल्या शिरीष पाठकला मात्र मसुदे कळत नसत. तो सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि रविवारी क्रिकेट संघाचा कॅप्टन. हेरॉन्स जूनच्या दुसऱ्या रविवारी चिबाला पाहुणे म्हणून येणार, हे त्याने शोधून काढलं. घरच्या मैदानावर हेरॉन्सचा सराव दरवाजे उघडण्याआधीच उरकतो, म्हणून सुयशचं काम उरायासुतल्या कोणी पाहिलेलं नव्हतं. पाहुण्या संघाचा सराव मात्र दरवाजे उघडल्यावर होतो. शिरीषने चौदा तिकिटं काढली.

शनिवारी संध्याकाळी चंद्रहास यांचा फोन आला.

"उद्या आम्ही येतोय. चौदा जण."

"बाबा, मी सामन्यात नसतो."

"माहीत आहे रे. प्रॅक्टिस बघू, मग मॅच बघू. शिरीषने एवढं जमवलंय."

"शिरीषकाकांना माहीत आहे ना, मी काय करतो ते?"

"तू टाक नेहमीसारखं," चंद्रहास म्हणाले आणि फोन ज्योत्स्नाबाईंकडे दिला. त्यांनी विचारलं, जेवलास का.

रविवारी बाराला दरवाजे उघडले. समुद्रावरून वारा येत होता. तिसऱ्या बेसच्या बाजूला, मैदानालगतच्या रांगांत चौदा जण येऊन बसले. शिरीषने पुठ्ठ्यावर मोठ्या देवनागरी अक्षरांत सुयश लिहून आणलं होतं. सुयश चेंडू टाकायच्या उंचवट्याकडे, माउंडकडे चालत गेला तेव्हा त्याला ते दिसलं. त्या मैदानावर ते वाचू शकणारी माणसं पंधरा होती. त्याने टोपीला हात लावला.

पहिले दहा चेंडू नेहमीसारखे गेले. कुरोइवाने पाच डावीकडे मारले, तीन सरळ, दोन उजवीकडे. हात ठीक होता. पिंजऱ्यामागे बॅटिंग कोच आणि बॅटिंग पिचरांचे प्रमुख निशिओ-सान उभे होते. निशिओ चोपन्न वर्षांचे, या कामात सव्वीस वर्षं. ते फक्त कान देऊन ऐकत. बॅटच्या आवाजावरून त्यांना चेंडू कुठे पडला ते कळायचं.

प्रेक्षकांत फारसं कोणी नव्हतं, त्यामुळे शिरीषचा आवाज माउंडपर्यंत स्वच्छ येत होता.

"होतं रे, होतं. पुढचा टाक."

पुढचा चेंडू भिंतीवर आदळला.

"अरे, लेंग्थ बदल. तिथेच कशाला देतोस त्याला?"

त्याच्या पुढचा प्रेक्षकांच्या रिकाम्या खुर्च्यांत गेला.

"पायात टाक, पायात. हा ऐकत नाही."

शिरीषच्या बायकोने, नयनाने, त्याला गप्प केलं असावं, कारण काही चेंडू शांततेत गेले. सगळे मारले गेले. तिसाव्या चेंडूच्या सुमारास शिरीष चंद्रहास यांच्याकडे वळला. आवाज खाली आणायचा त्याने प्रयत्न केला.

"आज लय नाहीये का याला? सगळेच जातायत."

चंद्रहास गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मागच्या रांगेतले सगळे त्यांच्या उत्तराची वाट पाहत होते. ज्योत्स्नाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. सांगायला चार शब्द पुरले असते.

"खांदा दुखतोय त्याचा," चंद्रहास म्हणाले. "दोन आठवडे झाले."

"मग खेळवतात कशाला?" शिरीषला खरोखर राग आला. तो उठून कठड्याशी गेला आणि ओरडला, "सुयश, खांदा सांभाळ. बाबा म्हणाले आम्हाला. उगाच जोर लावू नकोस."

सुयशने बादलीतून चेंडू उचलला होता. खांदा दुखत नव्हता. गेल्या कित्येक वर्षांत तो इतका बरा नव्हता. वडिलांनी काय सांगितलं असेल आणि का, हे त्याला त्या एका वाक्यातून कळलं. बारा माणसं त्याची कीव करत होती आणि वडील ती करू देत होते.

तो चाळिसावा चेंडू होता. बोटं जुन्या जागी गेली, शिवणीच्या कडेने, मधलं बोट वर. हे आपण ठरवून केलं की आपोआप झालं, याबद्दल त्याने नंतर स्वतःला कधी सूट दिली नाही. ठरवून केलं. चेंडू सोडण्याआधीच त्याला कळलं होतं आणि थांबता आलं असतं.

चेंडू सरळ निघाला, मग आत शिरला. कुरोइवाची बॅट मुठीपासून मोडली. पुढचा तुकडा फिरत गवतावर जाऊन पडला, चेंडू तीन-चार मीटर घरंगळला. तिसऱ्या बेसच्या बाजूने टाळ्या आल्या. शिरीष पुठ्ठा डोक्यावर धरून उभा होता.

"हा बघा. हा त्याचा बॉल."

कुरोइवाने उरलेली मूठ खाली टाकली आणि डावा हात मांडीला लावून धरला. बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. शेजारच्या पिंजऱ्यातला सराव थांबला. ट्रेनर धावत आला. सुयशने टोपी काढून कमरेत वाकून माफी मागितली आणि तसाच राहिला. टाळ्या अजून संपल्या नव्हत्या.

"बेहेरे," निशिओ म्हणाले, "आत जा."

कुरोइवाचं नाव त्या दिवशीच्या संघातून काढण्यात आलं. हेरॉन्स तीन विरुद्ध दोनने हरले.

सामना सुरू असताना सुयश आतल्या बोळात चेंडूंच्या बादल्या धूत बसला होता. धुवायची गरज नव्हती. निशिओ येऊन शेजारी उकिडवे बसले.

"मॅच संपायच्या आत त्याला भेटून घे. सांग, हात घसरला. वारा होता, घाम होता."

सुयशने पुढची बादली ओढली.

"सगळे तेच म्हणतात. मी स्वतः दोनदा म्हटलंय. एकदा खरं होतं." निशिओंनी त्याच्याकडे पाहिलं. "तुझं मला विचारायचं नाही. आवाज ऐकला मी. पण वर रिपोर्ट जाईल तो मी लिहिणार, आणि त्यात घसरला असंच असेल. हात घसरला म्हणून कोणाचा करार तुटत नाही."

ट्रेनरच्या खोलीत कुरोइवा डावा हात बर्फाच्या पिशवीत घालून टीव्हीवर आपलाच संघ हरताना पाहत होता. सुयश दारात थांबला, वाकला, आत गेला, पुन्हा वाकला.

"हात कसा आहे?"

"मुंग्या येतायत. उद्या एक्स-रे आहे." कुरोइवाने टीव्हीचा आवाज बंद केला. "घसरला का?"

सुयशला उत्तर तयार मिळालेलं होतं. ते सोपं होतं, आणि समोरच्यालाही ते हवं होतं, हे दिसत होतं. कुरोइवाने विचारतानाच ते पुढे केलं होतं. सुयशला वडिलांचा खांदा आठवला. म्हणजे आपलाच, पण वडिलांनी दुखवलेला.

"नाही," तो म्हणाला. "मुद्दाम टाकला."

कुरोइवाने हात पिशवीतून बाहेर काढला. "का?"

"वडील आले होते. त्यांच्याबरोबर लोक होते."

"त्या टाळ्या."

"हो."

"चांगला होता," कुरोइवा म्हणाला. आवाजात राग नव्हता, कौतुकही नव्हतं. "दिसलाच नाही मला. बेहेरे-सान, पुढचा चेंडू काय येणार हे मला माहीत नसेल, तर मी तिथे उभा राहू शकत नाही. निशिओ-सानला मी सांगेन, दुसरं कोणी बघा म्हणून."

"समजलं."

"का टाकला ते नाही सांगणार. ते तुम्ही सांगायचं तर सांगा."

सुयशने त्याच संध्याकाळी निशिओंना सांगितलं. निशिओंनी लिहिलेला रिपोर्ट फाडला, शिवी दिली, नवा लिहिला. एक्स-रेत हाड शाबूत निघालं. कुरोइवा चार सामने बाहेर बसला. सुयशला तामा नदीकाठच्या दुय्यम संघाच्या मैदानावर पाठवण्यात आलं आणि करार पुढे चालवायचा की नाही ते ऑक्टोबरमध्ये बघू, असं कळवण्यात आलं.

रविवारीच चंद्रहास यांचा फोन येऊन गेला होता. सुयशने कावासाकीला घरी पोचल्यावर उलटा केला.

"काय फेकलास रे तो," चंद्रहास म्हणाले. "शिरीष ट्रेनमध्ये पूर्ण रस्ताभर त्याचंच बोलत होता."

"बाबा, त्या चेंडूमुळे माझी नोकरी जाईल कदाचित."

पलीकडे टीव्ही सुरू होता, तो बंद झाला. सुयशने सगळं सांगितलं. हाड, चौकट, बुटांची टोकं. चंद्रहास यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"खांदा दुखतोय असं का सांगितलंत तुम्ही?"

"मग काय सांगायला हवं होतं?"

"माझं काम. ते चेंडू त्याला मारता यावेत म्हणून टाकतो, एवढंच."

"असं चारचौघांत—" चंद्रहास थांबले. "ठेवतो मी."

फोन ठेवला गेला नाही. ज्योत्स्नाबाईंनी घेतला. "चिडू नकोस त्यांच्यावर. सहा वर्षं मी सांगतेय, लोकांना नीट सांगा. तर म्हणतात, नेमकं काय सांगू. जेवलास का?"

दुय्यम संघाच्या मैदानावर सावली नाही. जुलैत सकाळी नऊलाच गवत तापतं. सुयश तीन आकडी नंबरांच्या मुलांना चेंडू टाकत होता. अठरा-एकोणीस वर्षांची, मान अजून बारीक असलेली मुलं, जी चुकीच्या चेंडूलाही मान तुकवून धन्यवाद म्हणायची. त्यामुळे चूक शोधणं त्याचं त्यालाच करावं लागायचं.

एका मंगळवारी लोखंडी बाकांवर चंद्रहास बसलेले दिसले. पांढरी टोपी, छत्री, कन्बिनी दुकानातून घेतलेली बार्ली चहाची बाटली. उरायासुहून दोन गाड्या बदलून आले होते. ज्योत्स्नाबाई बरोबर नव्हत्या. त्यांनी सगळा सराव पाहिला, तीन मुलं, एकशेआठ चेंडू. सुयश आवरून बाहेर आला तेव्हा ते छत्री मिटत होते.

"मधला जो होता, बुटका," चंद्रहास म्हणाले, "त्याला तू जरा हळू टाकत होतास."

सुयश थांबला. फरक ताशी तीन किलोमीटरचा होता. कोचच्याही लक्षात आला नव्हता.

"त्याची बॅट उशिरा येतेय सध्या. घाबरलाय. चार दिवस मारू दे, मग वाढवीन."

"आणि शेवटी शेवटी त्याला पोटापाशी देत होतास."

"तिथे त्याला आवडतं."

"हं." ते फाटकाकडे चालू लागले. "बँकेत मी काय करायचो, तुला माहीत आहे?"

"मॅनेजर होतात."

"म्हणजे काय करायचो?"

सुयशने आठवून पाहिलं. सकाळी सहा बावन्नची गाडी, टाय, रात्री उशिरा येणं. "नाही माहीत नीट," तो म्हणाला.

"इथल्या कंपन्या आपल्याकडे माल पाठवायच्या, त्यांचे कागद तपासायचो. एक तारीख चुकली तरी पैसे अडकायचे. वीस वर्षं तेच. माझ्या हाताखालून गेलेला कागद परत आला नाही, म्हणून मला इथे ठेवलं होतं. कोणाला काय सांगणार त्यातलं? मॅनेजर म्हणून सांगायचो." त्यांनी बाटलीतला उरलेला घोट संपवला आणि रिकामी बाटली कुठे टाकायची म्हणून इकडेतिकडे पाहिलं. सुयशने ती घेतली, झाकण आणि लेबल काढून वेगवेगळ्या डब्यांत टाकली.

"शिरीषला सांगितलं मी," चंद्रहास म्हणाले.

"काय?"

"तुझा खांदा दुखत नव्हता म्हणून. आणि मग बाकीचं."

"काय म्हणाले काका?"

"म्हणाला, म्हणजे आम्ही त्या दिवशी चुकीच्या बॉलला टाळ्या वाजवल्या. म्हटलं, हो. एकूणएक बरोबर होते, एक चुकीचा होता, आणि नेमक्या त्यालाच वाजवल्यात. तर म्हणतो, आधी सांगायचं ना, मी काय पुठ्ठा घेऊन उभा राहिलो असतो का." चंद्रहास हसले नाहीत, पण चेहरा सैल झाला. "खरं आहे त्याचं."

ऑगस्टच्या मध्यावर सुयशला मुख्य संघाबरोबर परत बोलावलं. दोन बॅटिंग पिचर उन्हाने आजारी पडले होते, कारण तेवढंच. त्याला राखीव खेळाडू दिले होते. टोकियोतल्या यजमान संघाच्या मैदानावर, मालिकेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याने भिंतीवरचं सरावाचं पत्रक वाचलं. कुरोइवाच्या नावासमोर निशिओंच्या अक्षरात बेहेरे होतं. त्याने ते दोनदा वाचलं. निशिओ शेजारी बूट बांधत होते.

"मी नाही ठरवलं," ते मान वर न करता म्हणाले. "त्याने सांगितलं, मी लिहिलं."

मैदानाकडे जाणाऱ्या बोळात कुरोइवा भेटला. त्याने डावा तळवा उघडून दाखवला, जणू तेच बोलायचं होतं.

"जूनमध्ये तुम्ही घसरला म्हणाला असतात, तर मी परत आलो नसतो. घसरणं तुमच्या हातात नसतं. ते पुन्हा होऊ शकतं. मुद्दाम टाकणारा माणूस न टाकायचंही ठरवू शकतो. हे कळायला मला दोन महिने लागले." त्याने हातमोजा चढवला. "आज वडील आलेत?"

"आलेत. तिसऱ्या बेसच्या बाजूला. तेच सगळे नाहीत, तिघेच."

"मग?"

"मग काही नाही. मारलेले चेंडू बघायला आलेत."

कुरोइवाने मान हलवली आणि पुढे गेला.

चार वाजले होते, ऊन तिरपं होतं. पाचव्या रांगेत चंद्रहास, ज्योत्स्नाबाई आणि शिरीष बसले होते. पुठ्ठा नव्हता. सुयश माउंडवर पोचला, जाळी अर्धा हात डावीकडे ओढली, बादली पायाशी घेतली आणि समोर पाहिलं.

कुरोइवा चौकटीत उभा राहिला होता. पण बुटांची टोकं रेषेवर नव्हती. रेष आणि बूट यांच्यामध्ये चार बोटं अंतर होतं. दुसऱ्या कोणाला ते दिसलं नसतं. सुयश चार वर्षं ती रेष पाहत आला होता.

त्याने पहिला चेंडू टाकला. सरळ, कंबरेच्या उंचीवर. तो डावीकडे जमिनीलगत गेला. दुसरा सरळ भिंतीवर. तिसरा, चौथा, पाचवा. निशिओ पिंजऱ्यामागे मान खाली घालून ऐकत होते. विसाव्या चेंडूपर्यंत कुरोइवाचे बूट जिथे होते तिथेच होते. बाहेरच्या कडेचा एक चेंडू बॅटच्या टोकाला लागून वाकडा गेला. चार बोटं मागे उभं राहिल्यावर तो तसाच जाणार. सुयशला पुढचा चेंडू चार बोटं आत टाकता आला असता, म्हणजे तो बरोबर मध्यावर लागला असता. त्याने टाकला नाही. तो नेहमीच्याच जागी टाकत राहिला, जिथे कुरोइवा पूर्वी उभा राहायचा तिथून मारता येईल असा.

तिसाव्या चेंडूला बॅट स्वच्छ वाजली. चेंडू दिव्यांच्या खांबाच्या दिशेने चढत गेला आणि रिकाम्या खुर्च्यांत पडला.

"गेला," शिरीष हळू आवाजात म्हणाला. अजून त्याची पुरती खात्री नव्हती. "चांगला ना हा?"

"चांगला पडला होता," चंद्रहास म्हणाले. "जाणारच."

चाळिसाव्या चेंडूला सुयशने बादलीत हात घातला, शिवण चाचपली आणि दोन्ही बोटं शिवणीला आडवी ठेवली. चेंडू गेला, मारला गेला. कुरोइवाने बॅट खाली केली, पायाने माती सारखी केली आणि पुन्हा उभा राहिला.

सुयशने रेषेकडे पाहिलं. तीन बोटं.

त्याने पुढचा चेंडू उचलला.